आधी चेंडू तपासा, मग हात

या वेळचं पत्र जुळे सोलापुरातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या आहेत आणि बँकेत नोकरी करतात. कॉलेजात त्या बॅडमिंटन खेळायच्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी सकाळच्या ग्रुपबरोबर टेनिस सुरू केलं. दिरांची जुनी रॅकेट माळ्यावरून काढली, तिच्यासोबत पिशवीत पडलेले आठ-दहा चेंडूही आले. त्या लिहितात: "माझ्या चेंडूंनी खेळले की फटका जाळ्यात जातो, ग्रुपमधल्या कोणी नवा डबा उघडला की तोच फटका थेट कुंपणाबाहेर. आता कोपरही दुखायला लागलाय. ग्रुपमधले म्हणतात, चांगली पंधरा हजारांची रॅकेट घ्या. घरचे म्हणतात, या वयात नवीन खेळ कशाला? आठ वर्षांचा मुलगाही मागे लागलाय, त्याला माझ्याच चेंडूंनी शिकवू का? नेमकं काय चुकतंय?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून मला आनंद झाला, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे. एकाच हाताचा फटका जुन्या चेंडूने जाळ्यात जातो आणि नव्या चेंडूने कुंपणाबाहेर, हे तुम्ही टिपलंत. नव्याने शिकणारे बहुतेकजण इतकंही पाहत नाहीत. "मला जमत नाही" म्हणतात आणि दोन महिन्यांत रॅकेट पुन्हा माळ्यावर जाते. तुमच्या हातात दोष आहेच, तो पुढे सांगते. पण आधी हातात काय धरलंय ते पाहू. निर्जीव साहित्यावर शिकलं की हाताला चुकीचं वळण लागतं आणि नंतर ते मोडायला फार वेळ जातो.

चेंडूपासून सुरुवात करू. टेनिसचा चेंडू म्हणजे आत दाबाने भरलेली हवा, भोवती रबराचं पातळ कवच आणि त्यावर लोकरीची लव. डबा उघडताना "फुस्स" असा आवाज येतो, कारण चेंडूतली हवा बाहेर पडू नये म्हणून डब्यातही दाब भरलेला असतो. एकदा डबा उघडला की रबरातून हवा हळूहळू निसटू लागते, तुम्ही खेळा किंवा न खेळा. म्हणून माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला चेंडू दिसायला हिरवागार असला तरी आतून मेलेला असतो. नियमातली कसोटी अशी: काँक्रीटवर १०० इंचांवरून सोडलेला चेंडू ५३ ते ५८ इंच वर आला पाहिजे. तुम्ही घरच्या फरशीवर खांद्याच्या उंचीवरून सोडून बघा. निम्म्याहून वर आलाच पाहिजे. शेजारी नवा चेंडू एकाच वेळी सोडलात तर फरक डोळ्यांना लगेच दिसेल. अंगठ्याने दाबला आणि सहज खड्डा पडला, तर तो चेंडू कोर्टवर नेऊ नका.

मेलेला चेंडू कमी उसळतो. तो गुडघ्याखाली येतो आणि तुम्हाला वाकून, उशिरा आणि जोर लावून मारावं लागतं. तीन महिने तुम्ही तेच केलंत. हात जोर लावायला शिकला. मग कोणी नवा डबा उघडला की तोच जोर जिवंत चेंडूला मिळतो आणि चेंडू कुंपणापार.

त्यात भर तारांची. दिरांच्या रॅकेटला गटिंग, म्हणजे नव्या तारा ओवून ताणणं, कधी केलं होतं, विचारा त्यांना. बहुतेक त्यांना आठवणार नाही. तारा नुसत्या टांगून ठेवल्या तरी सैल पडत जातात. सैल तारांचा परिणाम लोकांना उलटा वाटतो: चेंडू कमी जाईल असं वाटतं, पण तो जास्त लांब जातो. ढिल्या बाजेवर उडी मारली की माणूस जास्त उसळतो, तसंच. तारा ताणलेल्या असल्या की चेंडू कमी उडतो आणि दिशा हातात राहते. म्हणजे तुमच्याकडे चेंडू मेलेला आणि तारा ढिल्या, असे दोन दोष एकमेकांना झाकत होते. नवा चेंडू आला आणि झाकण उडालं.

म्हणून पहिला खर्च गटिंगचा. रॅकेटच्या चौकटीवर किती पौंडांपर्यंत ताणायचं ते छापलेलं असतं, बहुधा ५० ते ६०च्या आसपास. कोपर दुखत असताना तुम्ही खालची बाजू धरा, छापलेल्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा दोन-तीन पौंड वर. तार नायलॉनची, मऊ जातीची मागा. दुकानदार "आजकाल सगळे पॉलिएस्टर लावतात" म्हणेल. टीव्हीवरचे खेळाडू लावतात हे खरं, पण ती तार कडक असते, लवकर मरते आणि तुटत मात्र नाही. त्यामुळे नवशिका महिनोन्‌महिने मेलेल्या कडक तारेवर खेळत राहतो आणि सगळा दणका कोपरात जातो. तुम्हाला ती आज नको आणि पुढची दोन वर्षंही नको. पुढच्या गटिंगचा साधा हिशेब: आठवड्यात जितके दिवस खेळता, वर्षात तितक्या वेळा तारा बदलायच्या. तीन दिवस खेळत असाल तर वर्षाला तीनदा. आणि तारांमध्ये रबरी बटण बसवलं की कोपर वाचतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याने तारांचा आवाज आणि थरथर कमी होते. हाताला बसणारा मुख्य धक्का तसाच राहतो.

गटिंगला देण्याआधी चौकट नीट बघा. डोक्याच्या वरच्या भागावर, जिथे रॅकेट जमिनीला घासते, तिथे केसासारखी चीर आहे का? चेंडू मारल्यावर खुळखुळ किंवा भण्ण असा आवाज येतो का? चीर असेल तर नव्या तारांचे पैसे पाण्यात, कारण ताण आला की चौकट तिथेच मोडेल.

आता मूठ, म्हणजे रॅकेटचा दांडा. साहित्यात माझा सगळ्यात जास्त संशय याच्यावर आहे. दिरांच्या हाताच्या मापाची मूठ तुमच्या हाताला जाड असण्याची शक्यता मोठी. रॅकेट धरा आणि अनामिकेचं टोक व तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी ठेवून बघा. बोट नेमकं बसलं तर माप बरोबर. बोट बसूनही फट उरली तर मूठ जाड आहे. जाड मुठीची रॅकेट फिरू नये म्हणून माणूस ती आवळून धरतो, आणि दिवसभर आवळून धरलेली मूठ कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जोडलेल्या स्नायूंना ओढत राहते. मूठ बारीक असती तर वर एक पट्टी गुंडाळून जाड करता आली असती. जाड मूठ बारीक करणं मात्र जवळपास अशक्य. म्हणून नवी रॅकेट घ्यायची की नाही हे याच तपासणीवर ठरवा. मूठ बसत असेल तर गटिंग करून हीच रॅकेट वर्षभर वापरा. बसत नसेल तर नवी घ्या, पण पंधरा हजारांची नको. तारा बसवण्याआधी २६० ते २८५ ग्रॅम वजनाची, १०० ते १०५ चौरस इंच डोक्याची साधी ग्राफाइट रॅकेट पुरे. ग्रुपमधल्या कोणाची तरी आठवडाभर मागून खेळून बघितलीत तर आणखी चांगलं. महागडी रॅकेट चुकीच्या फटक्याला बरोबर करत नाही, आणि जी रॅकेट टीव्हीवर दिसते ती बहुधा तुमच्या हाताला जड पडेल.

वरची पट्टी, ज्याला सगळे ओव्हरग्रिप म्हणतात, ती दर महिन्याला बदला. फार पैसे लागत नाहीत. घामाने गुळगुळीत झालेल्या पट्टीवरही माणूस मूठ आवळतोच. आणि कोर्टवर आपला सोलापुरी टॉवेल न्या. घाम टिपायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाही, दर दोन गेमनंतर हात पुसून बघा.

सोलापूरच्या उन्हाचंही गणित आहे. तापमान वाढलं की चेंडूतल्या हवेचा दाब वाढतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता चेंडू डोक्यावरून उडतो, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सकाळी सहाला तोच चेंडू जड, सुस्त वाटतो. खेळाडू तोच, फटका तोच, उसळी वेगळी. अशा सकाळी चेंडू उगाच जोरात मारू नका, पाय पुढे टाका आणि थोडं पुढे उभ्या राहा. उन्हाळ्यात उलट, एखादं पाऊल मागे. कोर्ट सिमेंटचा असेल तर तो चेंडूची लव लवकर घासून काढतो. टकला झालेला चेंडू हवेतून वेगाने जातो आणि फिरकी घेत नाही. पावसाळ्यात ओल लागलेला चेंडू फुगतो, जड होतो, तो कोपर दुखणाऱ्याने अजिबात मारू नये. आणि एक कळकळीची विनंती: मे महिन्यात रॅकेट बंद कारमध्ये ठेवून बँकेत जाऊ नका. पारा ४२-४३ च्या पुढे गेलेला असताना काचा बंद केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं, तारा तिथेच सैल होतात आणि गटिंगचे पैसे वाया जातात. रॅकेट पिशवीत घालून सोबत न्या, टेबलाखाली ठेवा.

बुटांबद्दल थोडक्यात. बॅडमिंटनचे गम सोलचे बूट सिमेंटवर काही आठवड्यांत गुळगुळीत होतात, आणि धावायच्या बुटांची टाच उंच, बाजूला आधार नाही, त्यामुळे आडवं धावताना घोटा मुरगळतो. टेनिसचे सपाट, बाजूला पक्के बूट घ्या. बजेट कमी असेल तर रॅकेटच्या आधी बूट.

आता तुमच्या हाताकडे येते. बॅडमिंटनचं शटल साधारण ५ ग्रॅमचं. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे दहा पटींहून जड. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, टेनिसची तिच्या तिप्पट. बॅडमिंटनमध्ये मनगटाने झटका देणं हे कौशल्य आहे. तोच झटका दहापट जड चेंडूला दिलात की मनगटावरून तो कोपरावर येतो. तुमच्या दुखण्याचं हे मूळ आहे, मूठ आणि तारांनी ते वाढवलं.

दुसरं, जाळ्याची उंची. बॅडमिंटनमध्ये जाळं मध्ये १.५२४ मीटर, म्हणजे पाच फूट, आणि शटल बहुधा डोक्यावरून खाली मारायचं. टेनिसचं जाळं मध्ये फक्त ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३६ इंच, आणि दोन्ही खांबांपाशी १.०७ मीटर. जाळं ठेंगणं दिसतं म्हणून माणूस सरळ किंवा खाली मारतो. पण मागच्या रेषेपासून जाळं जवळजवळ १२ मीटर दूर आहे आणि तुम्ही चेंडू कमरेच्या आसपास मारता आहात. तो खालून वर गेल्याशिवाय पार होणारच नाही. जाळ्यावरून दीड-दोन हात उंच जाईल असा मारा. सुरुवातीला हा उंच फटका बावळट वाटतो, पण चेंडू आत पडतो. शिवणकामाची टेप खिशात ठेवा आणि खेळण्याआधी जाळ्याची मधली उंची मोजा. अनेक कोर्टांवर मधली पट्टी सुटलेली असते किंवा जाळं वरपर्यंत ताणलेलं असतं, आणि लोक महिनाभर चार इंच उंच जाळ्याशी भांडत राहतात.

मूठ धरायची कशी? तुमचा बॅडमिंटनचा हात बहुधा सुरी धरल्यासारखा, दांड्याच्या वरून येतो. त्या पकडीत कमरेच्या उंचीवर रॅकेटचं तोंड आकाशाकडे उघडतं, मग ते बंद करायला तुम्ही मनगट वळवता. त्याऐवजी तळवा रॅकेटच्या तारांवर सपाट ठेवा आणि तसाच खाली दांड्यापर्यंत सरकवा. मग बोटं मिटा. तळवा दांड्याच्या मागे आला. उजव्या बाजूला येणाऱ्या चेंडूसाठी ही पकड. बॅकहँड, म्हणजे डाव्या बाजूचा फटका, दोन हातांनी मारा, डावा हात वर, उजवा खाली. एका हाताच्या बॅकहँडमध्ये उशीर झाला की कोपराला सर्वांत जास्त मार बसतो, तुम्हाला तो सध्या वर्ज्य.

चेंडू समोरच्याच्या रॅकेटवरून सुटताच खांदे वळवा. चेंडू आपल्या बाजूला टप्पा घेईपर्यंत थांबलात तर उशीर झालाच. चेंडूला पुढच्या पायाच्याही थोडं पुढे भेटा आणि हात डाव्या खांद्यापर्यंत जाऊ द्या. मनगट स्थिर. जोर पायातून आणि कमरेतून. मी नवशिक्यांना मागच्या रेषेवर जाऊच देत नाही. पहिले दोन आठवडे दोघींनी सर्व्हिस लाइनच्या आत, जाळ्यापासून ६.४ मीटरवर उभं राहायचं आणि हळू, उंच, एकमेकींना झेपेल असं खेळायचं. सलग वीस फटके झाले की एक-एक पाऊल मागे. जोडीदार नसेल तर भिंत आहेच.

तुमच्या बॅडमिंटनचा फायदाही सांगते, कारण तो मोठा आहे. डोक्यावरून मारायची तुमची हालचाल तयार आहे आणि सर्व्हिसला नेमकी तीच लागते. सर्व्हिससाठी मात्र जुनी सुरीची पकड परत आणा, तिथे तीच बरोबर. पाऊल मागच्या रेषेला न लागता चेंडू तिरका समोरच्या चौकोनात टाकायचा, दोन संधी मिळतात. पण कोपर शांत होईपर्यंत नुसता डाव्या हाताने चेंडू वर टाका आणि झेला. दोन-तीन आठवडे एवढंच. नंदू नाटेकर टेनिस सोडून बॅडमिंटनकडे गेले आणि मोठे झाले, त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर टेनिस खेळले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससोबत दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. या दोन खेळांचं नातं आपल्याकडे घरातलंच आहे.

कोपराची परीक्षा घरी करा. ओले कपडे पिळताना किंवा भरलेलं पातेलं उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कळ येते का? येत असेल तर दोन-तीन आठवडे खेळ बंद ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. ते कोपरापुढच्या हाताचे व्यायाम शिकवतील. पट्टा बांधून किंवा गोळी खाऊन खेळत राहू नका, हे दुखणं दुर्लक्ष केलं की महिनोन्‌महिने मुक्काम करतं. त्या काळात गटिंग करून घ्या, मूठ मोजा, मेलेले चेंडू बाजूला काढा.

तेच चेंडू मुलाला देऊ का, असं विचारलंत. नको. मेलेला पिवळा चेंडू आणि लहान मुलांचा चेंडू या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरवे असे मुद्दाम मंद केलेले चेंडू मिळतात. ते हलके आणि कमी उसळणारे असतात, म्हणून मुलाच्या कमरेच्या उंचीवर येतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने (आयटीएफ) तर २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू बंदच केला. आठ वर्षांच्या मुलाने लाल चेंडूने छोट्या कोर्टवर सुरुवात करावी, रॅकेट २३ इंचांची, आणि रमला की नारिंगी. दिरांची २७ इंची रॅकेट त्याच्या हातात देऊ नका. तुमचे जुने चेंडू भिंतीवर घरातल्या मोठ्यांनी मारायलाही उपयोगाचे नाहीत. खुर्च्यांच्या पायांना लावा.

वयाबद्दल घरच्यांना एवढंच सांगा: जानेवारी २०२४ मध्ये रोहन बोपण्णाने ४३ व्या वर्षी मॅथ्यू एबडेनसोबत ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि तो दुहेरीत जगात पहिला झाला. तो तोपर्यंत जन्मभर खेळत आला होता, त्याच्या खेळाची बरोबरी कोणी करायला सांगत नाही. पण दुहेरीत कोर्ट दोघांत वाटला जातो, धाव कमी लागते आणि डोकं जास्त चालतं, हे तुमच्यासाठीही तितकंच खरं आहे. तुमच्या ग्रुपमध्ये दुहेरीच मागून घ्या. गुण मोजायची काळजी करू नका: १५, ३०, ४०, गेम. ४०-४० झालं की ड्यूस आणि मग सलग दोन गुण. सहा गेमचा सेट, दोनच्या फरकाने, सहा-सहा झालं तर टायब्रेक, म्हणजे सेट ठरवणारा एक जादा गेम. दोन सकाळींत पाठ होईल.

आपल्या गावात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झालेल्या आहेत. पुन्हा भरली तर मुलाला घेऊन जा, आणि गुणफलकाआधी खेळाडूंचे पाय बघा: समोरची मारायच्या क्षणी त्या सगळ्या जागेवरच एक छोटी उडी घेतात. आणि चेंडू कधी बदलतात तेही बघा. मोठ्या स्पर्धांमध्ये पहिल्या ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर नवे चेंडू येतात, इतका फरक त्यांना जाणवतो.

उन्हाळ्यात आठच्या आत खेळ आटपा, आणि पिशवीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असू द्या. या रविवारी मूठ मोजून सोमवारी रॅकेट गटिंगला द्या. तीन चेंडूंचा एक डबा आणा आणि त्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. तीन-चार आठवड्यांनी फरशीवर उसळी पुन्हा तपासा आणि नापास झालेले बाजूला काढा.